आधी काय करत होतात?

नवा वकील भेटला की आमचे तात्या त्याचं नाव-गाव विचारायच्या आधी विचारायचे, "आधी काय करत होतात?"

माणूस गोंधळायचा. आधी म्हणजे कधी? मग म्हणायचा, कॉलेजात होतो. तात्या कोटाच्या खिशातून मूठभर भडंग काढून तोंडात टाकायचे आणि कुणी दगावल्याचं कळावं तशा आवाजात म्हणायचे, "हं. म्हणजे थेट वकीलच."

ते स्वतः थेट वकील नव्हते. सरकारच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांनी पूल, कालवे, धर्मशाळा, काय काय बांधलं होतं. चाळिशीला टेकल्यावर नोकरी सोडली, मिसरूड फुटलेल्या पोरांच्या शेजारी बसून कोल्हापूरला कायदा शिकले आणि सांगलीत, विश्रामबागेत, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ऑफिस थाटलं. कामं घ्यायची ती फक्त बांधकामाच्या भांडणांची. खून, वाटणी, घटस्फोट यातलं काही घेऊन कुणी आलं तर त्याला चहा पाजून दुसऱ्या वकिलाचा पत्ता द्यायचे. गावात त्यांना 'ओव्हरसियर वकील' म्हणत. त्यात थोडी थट्टा होती. ती त्यांना कधी कळली नाही, किंवा कळूनही आवडली असावी.

साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट आहे. विश्रामबागेत तेव्हा मोकळी रानं होती, संध्याकाळी रस्त्यावर सायकली आणि गाई. तात्यांच्या ऑफिसात एका भिंतीला कायद्याची पुस्तकं आणि समोरच्या भिंतीला विटा, चुन्याची ढेकळं, फुटक्या पन्हळी, दगडांचे तुकडे. प्रत्येक तुकड्याला सुतळीने चिठ्ठी बांधलेली. ही कुठल्याशा शाळेची भिंत, तो कुणाच्या विहिरीचा काठ. पक्षकार तक्रार लिहून घेऊन आला की तात्या कागद बाजूला ठेवायचे आणि त्याच्या हातात खडू द्यायचे.

"लिहिलेलं राहू द्या. काढून दाखवा."

मग तो बिचारा शहाबादी फरशीवर उकिडवा बसून आपली कोसळलेली माडी काढायचा. खटला संपेपर्यंत ती पुसायची नाही असा दंडक होता. चहाचा ट्रे घेऊन काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, साडीचा घोळ उचलून त्या रेघांवरून चालत यायच्या. "कालव्यातून आले हो. आज पाणी कमी दिसतंय," असं म्हणायच्या.

मी तिथे कशी पोचले ते सांगायला हवं. माझे वडील लोणंदला शिंपीकाम करायचे. स्टेशनाजवळ एक मशीन मावेल एवढं दुकान. आमच्या घरानं बाबासाहेबांच्या मागोमाग दीक्षा घेतली, आणि त्यानंतर वडिलांच्या डोक्यात एकच होतं, पोरीनं काळा कोट घालायचा. तो कोट त्यांनीच शिवला. सनद मिळाली, पण ज्युनिअर म्हणून ठेवून घ्यायला कुणी तयार होईना. एकानं सांगितलं, जागा नाही. दुसऱ्यानं सांगितलं, बाईमाणसाची सोय नाही. तिसऱ्यानं माझं आडनाव ऐकलं आणि काहीच सांगितलं नाही. शेवटी मी तात्यांच्या दारात उभी राहिले.

"आधी काय करत होतात?"

"वडिलांच्या दुकानात काजं-बटणं करत होते," मी म्हणाले. दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं.

तात्यांनी भडंगाची मूठ तोंडाजवळ थांबवली. "कापड ताणलं तर कुठे फाटतं? शिवणीवर?"

"शिवणीवर क्वचित. शिवणीच्या शेजारी फाटतं. तिथं सुई लागून कापड कमजोर झालेलं असतं."

"काकू!" ते आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले. बायकोलाही ते काकूच म्हणत. "यांना चहा आणा. उद्यापासून या आपल्याकडे आहेत."

मला अहो-जाहो करणारे ते पहिले वकील. शेवटपर्यंत मी त्यांची 'वकीलबाई' राहिले.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं हा एक त्रास होता. कोटाच्या डाव्या खिशात भडंग, उजव्या खिशात गवंड्याचा ओळंबा. कुठल्याही इमारतीत शिरले की बोटाच्या पेरानं भिंत वाजवून बघायचे, पाहुण्यांच्या घरीसुद्धा. एका तालुक्याच्या कोर्टात युक्तिवाद ऐन रंगात आला असताना ते मध्येच थांबले, वर बघत राहिले आणि न्यायाधीशांना म्हणाले, "महाराज, आपण खुर्ची जरा डावीकडे घ्याल का? आपल्या डोक्यावरची तुळई मला बरी दिसत नाही." न्यायाधीश संतापले. खुर्ची हलवली नाही. पुढच्या तारखेला मात्र तुळईखाली नवा लाकडी टेकू होता, आणि त्याबद्दल दोघांपैकी कुणीही अवाक्षर काढलं नाही.

घाटातून जाताना तर ते कंडक्टरशी गोड बोलून एसटी थांबवायचे. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो ना, तिथे उतरून मला दाखवायचे. काळ्या खडकाचा थर, त्याखाली तांबड्या मातीचा पट्टा, त्याखाली पुन्हा काळा खडक.

"बघून घ्या, वकीलबाई. आपल्या मुलखात जमीन अशी आहे. वरचा काळा दगड वाजवला की माणसाला वाटतं, झालं, आता पाताळापर्यंत दगडच. आणि खाली ही बया बसलेली असते. पाणी लागलं की लोणी." बसमधले लोक खिडकीतून डोकी काढून आम्हाला शिव्या देत असायचे.

अशात एक दिवस कोरेगावचे आबा आले. आबा पिढीजात बांधकामाचे ठेकेदार. पांढरा पटका, भरघोस मिशा. उभा जन्म पुलांचे पाये घालण्यात गेलेला. कृष्णेवर एक मोठा पूल होत होता. मुख्य काम एका परदेशी कंपनीकडे होतं आणि पाये घालायचं काम कंपनीनं आबांना दिलं होतं. पुराचं पाणी ओसरलं तेव्हा मधला एक खांब एका अंगाला कललेला दिसला. कंपनीचं म्हणणं, आबांनी खडकापर्यंत खोदलंच नाही, फसवणूक केली. करारात लिहिल्याप्रमाणे प्रकरण पंचांपुढे गेलं. आबांवर ठपका आला असता तर सरकारी काळ्या यादीत नाव जाऊन पुन्हा उभ्या महाराष्ट्रात त्यांना कुणी काम दिलं नसतं.

"आवं वकीलसाहेब," फरशीवर खांब काढताना आबांच्या हातातला खडू मोडला, "खडक लागल्याबिगर मी कवा दगड बसवला न्हाई. त्यांच्या नकाशात जितं खडक दावलाय, तितंच खडक लागला. काळा, घणाला दाद न देनारा. आता खांब कलला त्येला मी काय करू? लोक म्हंत्यात आबानं सिमिट खाल्लं. ह्या वयात."

तात्यांना त्या दिवशी झालेला आनंद मला अजून आठवतो. परदेशी कंपनी, इंग्रजीतला जाडजूड करार, समोर परदेशी वकील! करारातली कलमं ते काकूंना रात्रीच्या जेवणाला वाचून दाखवायचे. काकू आमटी वाढत विचारायच्या, "मग पुढे काय झालं त्या ठेकेदाराचं?"

सुनावणी साताऱ्याला, सरकारी विश्रामगृहाच्या हॉलमध्ये ठरली. तीन पंच. त्यांतले प्रमुख निवृत्त चीफ इंजिनिअर, कमी बोलणारे गृहस्थ. कंपनीतर्फे आलेला वकील साठीच्या पुढचा, उंच, वाकलेला. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. पहिल्याच दिवशी व्हरांड्यात हस्तांदोलन होताच तात्यांनी आपल्या सांगली-छाप इंग्रजीत त्याला विचारलं, आधी काय करत होतात?

तो म्हातारा हसला. म्हणाला, "सैन्यात पूल बांधत होतो. पहिली गाडी जाईपर्यंत बांधणाऱ्यानं पुलाखाली उभं राहायचं, असा आमचा दंडक. मग लढाई लागली आणि तेच पूल उडवायचं काम मिळालं. त्यानंतर वाटलं, आता नुसतं बोलण्याचं काम बरं."

तात्यांनी भडंगाची पुडी त्याच्यापुढे धरली. जेवणाच्या सुट्टीत दोघे आवारातल्या चिंचेखाली उभे राहून काडीने जमिनीवर कसल्या कसल्या कमानी काढत होते. आबा लांबून बघून मला म्हणाले, "बाई, ह्ये आपलं वकील हायती का त्यांचं?"

मग जागेची पाहणी ठरली. पंच, दोन्ही पक्ष, सगळे जीपमधून नदीवर गेलो. कागदपत्रांत त्या जागेला नुसता आकडा होता आणि रस्ताही नवा पडलेला, त्यामुळे तात्यांनी ती जागा त्याआधी पाहिली नव्हती. निदान मला तसं वाटत होतं. जीपमधून उतरून ते झपझप पुढे गेले. काठावर एक लहानसं देऊळ आणि घाटाच्या तीन-चार पायऱ्या होत्या. तिथे पोचल्यावर ते थांबले.

मी मागून गेले. ते देवळाकडे बघत होते, मग नदीकडे, मग परत देवळाकडे. पंच खांबापाशी उभे राहून मापं घेत होते, आबा तावातावाने काही सांगत होते, परदेशी वकील पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला होता. तात्या तिकडे गेलेच नाहीत. पायरीवर बसून राहिले. ओळंबा नाही, भडंग नाही. परतीच्या वाटेवर घाटातला तांबडा पट्टा आला, गेला, त्यांनी मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात पोचले तर ते ओलं फडकं घेऊन फरशीवरचा आबांचा खांब पुसत होते. केस अजून संपली नव्हती.

"वकीलबाई, ही केस आता तुमची," ते खाली बघतच म्हणाले.

मला वाटलं, यांची तब्येत बिघडली. "काय होतंय तात्या?"

"मला काही होत नाही. कंपनीला जमिनीची जी माहिती मिळाली ती सरकारच्या जुन्या चाचण्यांवरून. लढाईच्या दिवसांत तिथे पूल बांधायचं घाटत होतं. मग ते बारगळलं. त्या चाचण्या मी केल्या. पोरगा होतो, नुकता नोकरीला लागलेला. त्या देवळात मुक्काम होता माझा. काल पायरीवर बसलो तेव्हा ओळखलं."

"नकाशावर तुमची सही आहे?"

"नाही. वरच्या साहेबांची. ते वारले."

"म्हणजे हे कुणालाच माहीत नाही."

"कालपासून मला माहीत आहे," तात्या म्हणाले. "खडक लागला तिथे मी थांबलो, वकीलबाई. खडकात खाली जाऊन बघायला पाहिजे होतं. पहार खणखणली आणि मी लिहून टाकलं, पक्का खडक. आबा खोटं बोलत नाहीत. ते बरोबर माझ्या खडकापर्यंत गेले आणि थांबले. आता मी त्यांचा वकील राहू शकत नाही. मला साक्षीदार व्हायला पाहिजे. आणि माझी साक्ष तुम्ही काढायची."

आबांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीवरून उठलेच. "आवं, कशापायी? चार जिल्ह्यांत लोक म्हंत्यात, जमिनीतलं ओव्हरसियर वकिलाला इचारा. त्येच लोक उद्या तोंडावर हसतील. माझं काय व्हायचं ते होऊ द्या."

"तुमचं काय व्हायचं ते माझ्यामुळे व्हायला नको," तात्या म्हणाले. आबा पटक्याचा शेव चाळवत बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आपल्याच गुरूला उलटं-सुलटं इचारायचं. जमंल?"

जमेल की नाही ते मला ठाऊक नव्हतं. मी हो म्हणाले.

साक्षीच्या दिवशी हॉल भरलेला होता. साताऱ्याचे वकील बातमी ऐकून मुद्दाम आले होते. तात्या साक्षीदाराच्या खुर्चीत बसले, हात मांडीवर, शाळेतल्या मुलासारखे. शपथ झाली.

"आपला व्यवसाय?"

"वकिली."

पुढचा प्रश्न त्यांचाच होता, आणि तो मला विचारायचा होता. "त्याआधी काय करत होतात?"

"सरकारी ओव्हरसियर."

"या जागी आपण चाचण्या केल्या?"

"केल्या."

"खडकाचा थर किती जाड आहे ते पाहिलंत?"

"वरून पाहिलं. आत गेलो नाही."

"आत जायचा नियम होता?"

"होता."

"मग का गेला नाहीत?"

हा प्रश्न आम्ही आधी बोललो नव्हतो. मला वाटलं, तात्या सांगतील, साहेबांचा हुकूम होता, पावसाळा जवळ आला होता, हत्यार मोडलं होतं. कुणीही मान्य केलं असतं. तात्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"माझं लग्न होतं," ते म्हणाले. "दोन दिवसांवर आलं होतं. मला सांगलीला पोचायचं होतं."

हॉल खो-खो हसला. पंचांपैकी एक जण तोंडावर रुमाल धरून हसत होते. तात्या हसले नाहीत, आणि प्रमुख पंचही हसले नाहीत. मी खाली बसले.

परदेशी वकील उलटतपासणीला उठला. चिंचेखालचा तो खेळकर म्हातारा कुठल्याकुठे गेला होता. "परवापर्यंत आपण या ठेकेदाराचे वकील होता. खटला हातचा जातोय असं दिसल्यावर आपल्याला ही आठवण झाली. खरं ना?"

"आठवण त्या पायरीवर झाली."

"कागद नाही, सही नाही, जिवंत माणूस नाही. पंचांनी आपल्यावर का विश्वास ठेवावा?"

"ठेवू नये," तात्या म्हणाले. "खोदून बघावं."

प्रमुख पंचांनी तेवढंच टिपून घेतलं. आठवडाभरात कललेल्या खांबाशेजारी खडकात भोक पाडायचं यंत्र लागलं. आम्ही सगळे वाळूत उभे होतो. काकूही आल्या होत्या. लग्नाचं प्रकरण त्यांना विश्रामगृहातल्या शिपायाकडून कळलं होतं, आणि त्या दिवसापासून घरात त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. यंत्र काळ्या दगडात करकरत उतरत होतं. दगडाची राखाडी पूड वर येत होती. बराच वेळ नुसती राखाडीच. आबांनी डोळे मिटून घेतले होते. आणि मग आवाज बदलला. करकर थांबून फसफस सुरू झाली आणि पाण्याबरोबर वर आला तो तांबडाजर्द चिखल.

परदेशी वकील खाली वाकला. तो चिखल तीन बोटांत धरून चोळला, तात्यांकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. आबा मात्र मटकन वाळूत बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. काकू त्यांना पाणी देऊन आल्या आणि तात्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"एक दिवस उशिरा आला असता तर चाललं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "मी कुठे पळून जात नव्हते."

निकाल आबांच्या बाजूनं लागला. जुन्या माहितीवर विसंबून कंपनीनं स्वतः खात्री केली नाही, ठेकेदाराचा दोष नाही, असं पंचांनी लिहिलं. कंपनीनंही निकाल मानला आणि खांब नव्यानं बांधायला घेतला. आबांनाच तो बांधायला दिला.

तात्यांचं मात्र नुकसान झालं. काही पक्षकार आलेच नाहीत पुन्हा. बार रूममध्ये त्यांना बघितलं की कुणीतरी लग्नाची सनई वाजवल्याचा आवाज काढायचं. तात्या त्याच्याकडे बघून मान हलवायचे. हळूहळू त्यांनी कोर्टात उभं राहणं सोडलं. जमिनीचा प्रश्न असला की वकील त्यांना साक्षीला बोलवायचे, माहीतगार म्हणून, आणि तिथे ते जे सांगत ते दोन्ही बाजू मुकाट मान्य करत. ऑफिसातली मोठी खुर्ची त्यांनी मला दिली. पुढे मी मुंबईला गेले, परदेशी कंपन्यांच्या असल्या भांडणांत देशोदेशीच्या वकिलांपुढे बसले. कुणी इंजिनिअर होते, कुणी जहाजं बांधणारे, एक तर सुतार होता. हे मला कळायचं कारण मी त्यांना विचारायचे.

पण मला आठवतो तो पुलाच्या उद्‌घाटनाचा दिवस. मंत्री, मांडव, बँड, दोन्ही काठांवर जत्रेसारखी गर्दी. आबांनी मला आणि काकूंना पुढच्या रांगेत बसवलं आणि तात्यांची खुर्ची राखून ठेवली. फीत कापायची वेळ झाली तरी ती रिकामीच. आबा कासावीस झाले. "बाई, बघा तरी कुटं गेलं!"

मी कठड्यापाशी गेले. खाली, वाळूत, नव्या खांबाच्या पायाशी तात्या उभे होते. दगडाला पाठ लावून, टोपी हातात, मान वर करून. मी हाक मारली. बँडच्या आवाजात ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. तेवढ्यात पहिला उसाचा ट्रक पुलावर आला. त्याच्यामागे दुसरा, मग गाड्या, बैल, पोरं, सगळा लोंढा. माझ्या पायाखालचा पूल धडधडत होता आणि तात्या खाली जागचे हलत नव्हते.

काकू माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी खाली बघितलं. मी म्हणाले, "बोलवून आणू का?"

"नको," काकू म्हणाल्या.

त्यांनी ठेवणीतल्या साडीचा पदर खोचला, चपला हातात घेतल्या आणि काठाच्या उतारावरून, लोकांची गर्दी चुकवत, जपून पाऊल टाकत खाली गेल्या. वाळूतून चालत त्या खांबापाशी पोचल्या आणि तात्यांच्या शेजारी दगडाला पाठ लावून उभ्या राहिल्या.